बाटलीच्या गळ्यातलं घुंगरू

साऱ्या कलकत्त्यात माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही, आणि मरण कुलपात घालून त्याच्या शेजारीच रोज दुपारी वामकुक्षी करणाराही दुसरा कुणी झाला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच देहात कशा नांदत होत्या ते मला विचारू नका. मी फक्त पाहिलेलं सांगणारा माणूस आहे, आणि पाहिलेलं सांगताना थोडं वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे. मामांच्या बाबतीत मात्र वाढवायला जागाच नव्हती. ते कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघत, पंख्याचा हूक डोळे बारीक करून न्याहाळत आणि मग खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन बसत. "पंखा पडत नाही हो, मामा," असं मी म्हटलं की म्हणत, "पडत नाही तोवर पडत नाही, जावईबापू." ट्राम पुरती थांबून पुन्हा सुटायच्या बेतात आली की मगच ते जागेवरून उठत, त्यामुळे हातीबागानला उतरायला निघालेले मामा दर वेळी श्यामबाजारला उतरत आणि धोतराचा सोगा धरून मागे चालत येत. कंडक्टर त्यांना ओळखून होते. "दादू, आज तरी वेळेवर उतरणार का?" असं एखादा बंगालीत ओरडला की सारी ट्राम हसे आणि मामा दांडी आणखी घट्ट धरत. उभा जन्म बंगालात काढून त्यांनी इलिश माशाची चव घेतली नव्हती. धर्म आडवा येत होता म्हणून नव्हे. काटा आडवा येईल म्हणून.

असा हा माणूस बागबाजारात औषधांचं दुकान चालवत होता, आणि त्या दुकानात अफूचा अर्क, मॉर्फीन असली औषधं ठेवत होता. याला कारण आक्का. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माझी सासू. आई लवकर गेली, तेव्हा नुकत्याच लग्न झालेल्या आक्का या धाकट्या भावाला जणू पदराला बांधूनच रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर कलकत्त्याला आल्या. पोरगा सावलीला घाबरतो, तेव्हा याला एका जागी बसून करायचं, छपराखालचं, बिनधोक काम मिळावं म्हणून त्यांनी त्याला धरमतल्ल्याच्या एका इंग्रज औषधवाल्याकडे चिकटवून दिलं. साहेबानं पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर दोन बाटल्या ठेवल्या. दोन्हींतलं औषध रंगानं सारखं. साहेब म्हणाला, यातल्या एकीनं खोकला थांबतो आणि दुसरीनं श्वास थांबतो. कुठली कुठली ते विसरू नकोस. आक्का सांगायच्या, "बाळ्या त्या दिवशी घरी आला तो पांढराफटक होऊन. तो गेलेला रंग अजून परत यायचाय."

मामांनी पुढे स्वतःचं दुकान काढलं आणि ती भीती भांडवल म्हणून तिथे गुंतवली. माझी बायको लहानपणी "मामा, मामा" करत त्या दुकानात बागडायची, म्हणून सारा बागबाजार त्यांना मामाबाबू म्हणू लागला. दुकानाच्या मागच्या अंगाला एक सागवानी कपाट होतं. त्याला दोन कुलपं. एका कुलपाची किल्ली मामांच्या जानव्याला. दुसरी किल्लीही आपल्याकडेच ठेवली, तर कपाट उघडायचं की नाही हे एकटा आपणच ठरवणार, आणि आपल्यावर आपला काय भरवसा, असा विचार करून त्यांनी दुसरी किल्ली शेजारच्या मिठाईवाल्या घोषबाबूंना देऊन ठेवली होती. म्हणजे कुणी मॉर्फीनची चिठ्ठी घेऊन आलं की मामा दुकानाच्या पायरीवर येऊन टाळ्या वाजवत. घोषबाबू कढईवरून उठत, पोटाला हात पुसत येत आणि दारातूनच ओरडत, "मामाबाबू, आबार बिष?" पुन्हा विष? मग दोघं दोन किल्ल्या लावत. घोषबाबूंची किल्ली कायम पाकानं चिकट असे आणि त्या कुलपाला उन्हाळ्यात मुंग्या लागत. विषाच्या कपाटाला मुंग्या लागलेल्या मी जगात फक्त तिथे पाहिल्या.

कपाट उघडलं म्हणजे औषध मिळालं असं मात्र नव्हे. चिठ्ठी आणणारा घरचा कर्ता माणूस हवा. पोरासोरांच्या किंवा नोकराच्या हाती ते औषध देत नसत. दोन-तीन दिवसांपुरतंच देत, आणि आधीची बाटली रिकामी होऊन परत आल्याशिवाय पुढची भरत नसत. चिठ्ठीवर "दिले" असा शिक्का इतक्या जोरात मारत की काउंटरवरचा तराजू हले, म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन कुणी दुसऱ्या दुकानात जायला नको. आणि डॉक्टरच्या सहीबद्दल किंचितही शंका आली की दुकान घोषबाबूंवर सोपवून, छत्री घेऊन, डॉक्टरच्या घरी चालत जात. मी त्यांना विचारलं होतं, "मामा, इतक्या वेळा गेलात, कधी चूक सापडली का?" ते खिन्नपणे म्हणाले, "एकदाही नाही." आणि छत्री कोपऱ्यात ठेवत, "म्हणजे ती अजून यायचीय."

त्या काळात शहर नुकतंच दंगलींतून बाहेर आलेलं, सगळीच माणसं पाठीमागे बघत चालायची. एका सकाळी एक दांडगा गडी दुकानात शिरला, कमरेचा सुरा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, मॉर्फीन काढ. मामा इतके घाबरले की त्यांची वाचाच फुटली. हात कापताहेत, दात वाजताहेत, आणि मामा त्या गड्याला सांगताहेत की हे जास्त झालं तर डोळ्यांच्या बाहुल्या कशा टाचणीएवढ्या होतात, ओठ कसे निळे पडतात, श्वास कसा थांबून थांबून येतो आणि मग कसा यायचा विसरतो. सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. घोषबाबू किल्ली घेऊन आले तोवर तो गडी स्टुलावर बसून मामांच्या हातचं पाणी पीत होता. घोषबाबूंनी त्याला एक रोसोगुल्ला दिला आणि तो सुरा विसरून निघून गेला. मामांनी तो सुरा पुढे लेबलं कापायला वापरला. भीती संसर्गजन्य असते हे मला तेव्हा पटलं.

आता बाटलीबद्दल. असलं औषध मामा साध्या बाटलीत देत नसत. निळी, सहा कोनांची, अंगावर रेघा असलेली बाटली, म्हणजे अंधारात चाचपली तरी हाताला कळावं. तिच्यावर लाल चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर स्वतः काढलेली कवटी. मामांचा हात चित्रकलेत बेताचा, त्यामुळे ती कवटी दर वेळी हसरी निघे आणि कुणा दूरच्या नातेवाइकासारखी दिसे. एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. चितपूरच्या रस्त्यावर जात्रा नावाची बंगाली नाटकं करणाऱ्यांना चाळ, मुकुट, तलवारी पुरवणारी दुकानं आहेत. तिथून त्यांनी पिशवीभर घुंगरं आणली, आणि अफूच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात लाल फितीनं एकेक घुंगरू बांधायला सुरुवात केली. "बाटलीला हात लागला की घरभर कळलं पाहिजे," ते म्हणाले. "न वाजता उचलली जाते, तीच बाटली घात करते." बागबाजारातल्या आजारी घरांतून मग वेळी-अवेळी छुन् असा आवाज येई, आणि लोक म्हणत, मामाबाबूंचं औषध चाललं वाटतं.

शेवटचा नियम चवीचा. बाकीचे औषधवाले मिक्श्चरमध्ये साखरेचा पाक घालत, संत्र्याचा अर्क घालत. मामा असल्या औषधात थेंबभर गोडी घालत नसत. "विष गोड करायचं नाही," हे वाक्य ते एखाद्या मंत्रासारखं म्हणत. "कडू असलं तर माणूस मोजून घेतो."

आणि मग आक्का आजारी पडल्या. पोटातलं दुखणं होतं, बरं होणारं नव्हतं, हे डॉक्टरांनी आम्हाला दाराबाहेर नेऊन सांगितलं. सासरे आधीच वारलेले, आणि मामा एकटे, दुकानामागच्या खोलीत राहणारे. बायकी शुश्रूषा तिथे कोण करणार? म्हणून आम्ही आक्कांना भवानीपूरला आमच्याकडे आणलं. जावयाच्या घरी राहायचं त्यांच्या फार जिवावर आलं होतं. पहिले काही दिवस तर मी ऑफिसातून आलो की त्या कण्हायच्या थांबत, आणि ते थांबणं ऐकवत नसे. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी शेवटी अफूच्या अर्काचं मिक्श्चर लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन मी बागबाजारला गेलो. मामांनी ती वाचली, उलटी करून पाहिली, आणि छत्री घेतली. "मामा, डॉक्टर माझ्या समोर लिहीत होते!" मी म्हणालो. पण ते माझ्याबरोबर भवानीपूरला आलेच. डॉक्टर जेवत होते. ते उष्ट्या हातानंच बाहेर आले आणि कडाडले, "मशाय, आपनि डाक्तार ना आमि डाक्तार?" मामा हात जोडून म्हणाले, "आपनि डाक्तार. आमि भय पाई." डॉक्टर तुम्ही, मला भीती वाटते.  डॉक्टरांनी चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवली. बरोबर होती.

औषध कडूजहर होतं. आक्का ते घेताना डोळे मिटत आणि मग बराच वेळ तोंड मिटून पडून राहत. एके दिवशी त्यांनी मामांचा हात धरला. "बाळ्या, उभ्या जन्मात तुझ्याकडे काही मागितलं नाही."

"आक्का, असं बोलू नकोस."

"दुसरं काही तोंडात जात नाही रे आता. जिभेवर शेवटी हे कारलंच ठेवणार का तू?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बायकोकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. पुढची बाटली आणली त्या दिवशी ते कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. आक्कांनी चमचा तोंडात घेतला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी तिथून उठून गॅलरीत गेलो. संत्र्याची चव होती.

त्यानंतरचा रविवार. आक्कांना बरं वाटत होतं, म्हणून आम्ही त्यांना बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत आणून बसवलं होतं. मामा जेवून भिंतीशी बसले होते आणि मला, बाटल्या एकमेकींपासून किती लांब ठेवाव्यात, हे सुपाऱ्या मांडून समजावत होते. माझी बायको स्वयंपाकघरात आवराआवर करत होती. आमची छबी तेव्हा अडीच वर्षांची. आतल्या खोलीतून तिच्या पायांतल्या चाळांचा आवाज येत होता. हे चाळही मामांनीच दिलेले, चितपूरच्या त्याच दुकानातून आणलेले. पोर कुठे आहे ते घरभर कळलं पाहिजे, हेच इथेही त्यांचं म्हणणं. छुन्, छुनछुन्. आक्का हसून म्हणाल्या, "नाचतेय वाटतं गधडी." मामाही हसले. मामांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

तेवढ्यात माझी बायको बडीशेपेची ताटली घेऊन बाहेर आली. "मामा, हे बघा हो," ती म्हणाली, "छबीच्या चाळांतलं एक घुंगरू निसटलंय. सकाळी आंघोळीला काढले ते तसेच राहिलेत. जाताना घेऊन जा आणि नीट करून आणा." आणि तिनं ते चाळ मामांच्या मांडीवर ठेवले.

चाळ मामांच्या मांडीवर होते. आणि आतून आवाज येतच होता. छुन्, छुनछुन्.

मी कधी कुणाला इतकं स्तब्ध झालेलं पाहिलं नाही. सुपारी मामांच्या बोटांत होती, ती तशीच राहिली. मग आवाजही थांबला, आणि ते थांबणं आवाजापेक्षा वाईट होतं.

आम्ही आत धावलो. बाटली वरच्या फळीवर असायची, मोठ्या माणसालाही हात उंच करावा लागे. पोरीनं स्टूल ओढून ट्रंकेला लावलं होतं, ट्रंकेवरून खिडकीच्या कट्ट्यावर चढली होती. लाल फितीतलं ते चकचकीत घुंगरू तिला हवं होतं. साधी बाटली असती तर तिनं ढुंकून पाहिलं नसतं. आता ती जमिनीवर बसली होती. बूच एकीकडे, बाटली आडवी, फरशीवर तपकिरी ओघळ, फ्रॉक ओला. तिनं आमच्याकडे पाहून ओठ चाटले. ओठ तपकिरी होते.

मामांनी भिंत धरली. "जावईबापू," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा लागला होता. "गोड आहे. मी गोड केलंय."

मी अनवाणी डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टर गंजीफ्रॉकवरच निघाले, पेटी घेऊन जिना चढले. त्यांनी छबीचं पोट रबरी नळी घालून धुतलं. ते वर्णन मी करणार नाही. तिचं रडणं माझ्या बायकोच्या कानांत अजून आहे. डोळ्यांत टॉर्च मारून डॉक्टर म्हणाले, किती गेलंय ते कळलं पाहिजे, आणि संध्याकाळपर्यंत हिला झोपू देऊ नका.

मग सुरू झालं मामांचं मोजमाप. त्यांनी बाटली टेबलावर सपाट ठेवली, तिच्या अंगावरच्या कागदी पट्टीच्या खाचांशी डोळा लावला, आक्कांनी किती चमचे घेतले ते विचारलं. मग आपलं स्वच्छ धुतलेलं उपरणं फरशीवर पसरून ते सांडलेलं औषध टिपलं आणि काचेच्या मापात पिळलं. छबीचा फ्रॉक पिळला. हात असे थरथरत होते की मापाचा काठ किणकिण वाजत होता, पण थेंब बाहेर पडला नाही. शेवटी ते उठले. "एक चमचा कमी येतोय," ते म्हणाले. डॉक्टरांनी छबीची नाडी धरली. मोठ्या माणसाचा एक चमचा. अडीच वर्षांची पोर. माझी बायको भिंतीला टेकून खाली बसली.

आणि छबीची झोपायची वेळ झाली होती! एरवी याच वेळेला तिला निजवण्यासाठी आम्ही अंगाई म्हणून म्हणून घसा कोरडा करायचो. आता तिच्या पापण्या जडावल्या की आम्हा सगळ्यांचा श्वास अडकायचा. ही रोजची झोप की ती दुसरी? कोण सांगणार? डॉक्टर घड्याळ हातात धरून तिचा श्वास मोजत होते. आणि मग मामा, जे रस्त्यात कुत्रं भुंकलं तर दुकानात परत शिरत, ते मामा गुडघ्यांवर आले आणि घोडा झाले. पाठीवर छबीला घेऊन साऱ्या घरभर दौडले. ट्रामचा कंडक्टर झाले, "एस्प्लानेड! धरमतल्ला! दादू, नामून ना!" उतरा ना, असं ओरडत घंटा म्हणून ताट बडवलं. घोषबाबू झाले आणि पोटाला हात पुसून दाखवले. तिचे चाळ स्वतःच्या मनगटांना बांधून नाचले. छबी खिदळायची, मग डोळे चोळायची, मग मान टाकायची, आणि मामा आणखी जोरात ओरडायचे. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात गोळा झाली होती. त्यांना वाटलं घरात मंगळागौर आहे. नाचताना मामांच्या गालांवरून घाम गळत होता की दुसरं काही, ते मी पाहिलं नाही.

उन्हं कलली तेव्हा माझ्या बायकोनं पांघरूण काढायला आक्कांच्या कॉटखाली हात घातला, आणि छबीची कापडी बाहुली बाहेर आली. तोंड तपकिरी, पोट ओलंचिंब. "बाळीला औसद," छबी म्हणाली. "बाळी दुकते." आक्कांना चमच्यानं औषध देताना ती रोज पाहत होती. मामांनी बाहुली हिसकावून घेतली. तिला नीट उभी धरली, आणि एखाद्या मोसंब्यासारखी मापात पिळली. तुम्हाला हसू येईल. आम्हाला तेव्हा आलं नाही. मामांनी माप उजेडात धरलं. मग म्हणाले, "थेंब-दोन थेंब इकडेतिकडे. बाकी लागला हिशेब." म्हणजे पोरीनं बोटं चाटली होती, एवढंच.

डॉक्टरांनी पुन्हा डोळे तपासले आणि छबीच्या गालाला चिमटा घेतला. "भय नेई," ते म्हणाले, आता भीती नाही. छबीनं भात मागितला. मामा खोलीच्या मधोमध असलेल्या खुर्चीत बसले, थेट पंख्याखाली, आणि त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत हसत सांगितली असती. पण त्या सगळ्या गोंधळात एक माणूस गप्प होतं. आक्कांची औषधाची वेळ कधीच टळून गेली होती. त्या आरामखुर्चीत ओठ दाबून बसल्या होत्या, आणि त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर पांढरे पडले होते. माझी बायको म्हणाली, "मामा, आईचं औषध." मामांनी उरलेली बाटली छातीशी धरली. घुंगरू त्यांनी आधीच उपटून काढलं होतं.

"आज नको, आक्का," ते म्हणाले. "मी हे सगळं ओतून टाकणार आहे. हे घरात नको. मी उद्या डॉक्टरांना विचारतो, दुसरं काही साधं मिळतंय का."

"मामा, बाटली वाजली म्हणून तर आपल्याला कळलं," मी म्हणालो.

"वाजली म्हणून तर ती चढली!" मामा ओरडले. ते माझ्यावर ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकले. "जावईबापू, मी तिला बोलावलं. मी आवाज लावून, फीत बांधून, गोड करून तिला बोलावलं. आता नाही. आता माझ्या हातून कुणालाच नाही."

आक्कांनी डोळे उघडले. "बाळ्या, इकडे ये." ते गेले. "बैस." ते खाली बसले. आक्कांचा आवाज फार लहान झाला होता. आम्ही सगळे पुढे वाकलो. "भीती तुझी आहे आणि कळा माझ्या आहेत. तुझी भीती घालवायला माझ्या कळा का वापरतोस रे?"

मामांनी छातीशी धरलेली बाटली आणखी घट्ट धरली.

"मला सोसवत नाही आता. तुला सोसवत असेल तर तू भी. पण औषध दे."

मामांनी चमचा मागितला. चमचा पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. औषध ओतताना त्यांचा हात जरासुद्धा कापला नाही. आक्कांनी गिळलं, आणि थोड्या वेळानं त्यांची बोटं दांडीवरून सैल झाली. "गोडच ठेव हं," त्या म्हणाल्या.

मामांनी गोडच ठेवलं. पण त्या दिवसापासून बाटली फळीवर गेली नाही. माझ्या बायकोकडून त्यांनी जाड मांजरपाटाची एक पिशवी शिवून घेतली, ती सदऱ्याच्या आत, उघड्या छातीवर, नाडीनं बांधली, आणि त्यात बाटली ठेवली. वळकटी घेऊन ते आमच्याकडेच राहायला आले. आंघोळीला गेले तरी पिशवी गळ्यात. पाणी उडू नये म्हणून ते एका बाजूला वाकून आंघोळ करत आणि बाहेर येत तेव्हा अर्धेच ओले असत. दुकान ते दोन वेळांच्या मधल्या वेळेपुरतं उघडू लागले. सकाळचा चमचा देऊन ट्रामनं बागबाजार गाठायचं आणि दुपारच्या चमच्याला परत यायचं. आता त्यांना थांबा चुकवून चालणार नव्हतं. ट्राम थांबायच्या आत उठून, एका हातानं दांडी आणि एका हातानं छाती धरून दारात उभे असलेले मामा मी स्वतः पाहिले आहेत. चेहरा फाशीच्या तख्तावर निघाल्यासारखा. गर्दीत कुणाचा धक्का लागला की ते "सर्वनाश!" म्हणत. बागबाजारातल्या इतर बाटल्यांची घुंगरंही त्यांनी एकेक करून परत आणली. घोषबाबू मला म्हणाले की मामाबाबू आता घरोघर जाऊन लहान मुलं किती आहेत ते विचारतात आणि लोकांना वाटतं, सरकारनं शिरगणतीला लावलंय.

आक्कांना त्यांनी प्रत्येक चमचा स्वतःच्या हातानं दिला. वेळेआधी दिला नाही आणि वेळेनंतरही ठेवला नाही. कधी आक्का झोपेत असल्या तर मात्र ते त्यांच्या श्वासाकडे बघत, चमचा हातात धरून, त्या आपणहून जाग्या होईपर्यंत बसून राहत. एकदा मी म्हटलं, "मामा, जरा पडा तरी." ते म्हणाले, "मी पडलो तर ही पिशवी माझ्या अंगाखाली येईल." आणि जरा हसले.

आक्का एका सकाळी, कसल्याही कळेशिवाय गेल्या. सगळं आटोपलं. घरातली माणसं आंघोळी करून बसली. मामांनी मला खुणेनं मोरीत बोलावलं. सदऱ्यातून बाटली काढली. तळाशी थोडं औषध उरलं होतं. "हे ठेवायचं नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या समोर ओतायचं असतं." मी उभा राहिलो. त्यांनी बाटली वाकडी केली, आणि तपकिरी धार मोरीच्या भोकातून गेली. संत्र्याचा वास आला. त्यांनी बाटली विसळली, पुन्हा विसळली, आणि बादलीभर पाणी मोरीत सोडलं.

मग दुसरी बादली. मग आणखी एक.

"मामा, पुरे आता," मी म्हणालो. "कधीच वाहून गेलं ते."

"खाली गल्लीत गटार उघडं आहे," ते मान वर न करता म्हणाले. "मांजरं पितात तिथलं पाणी. एक पांढरी आहे, तिला पिल्लं झालीत."

आतून माझ्या बायकोनं हाक मारली, दोघं इतका वेळ मोरीत काय करताय म्हणून.  मामांनी रिकामी बादली माझ्याकडे सरकवली, आणि मी ती नळाखाली धरली.